‘ठेवी मोडा, खड्डे भरा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपल्या कोल्हापूर महापालिकेने बँकेत मुदत ठेवी ठेवण्यात गैर काही नाही. त्यावर ‘एक घरफाळा भरणारा’ या नावाने तुम्ही लिहिलंत : “आमच्या गल्लीत दोन पावसाळे खड्डे आहेत आणि तुम्ही ठेवींचं कौतुक सांगता. ठेवी मोडा, खड्डे भरा. ते जमत नसेल तर दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या बँकेत तरी ठेवा. लेखा विभागात नोकरी केली म्हणून त्यांची बाजू घेऊ नका.”

तुमचा राग मला कळतो. आमच्याही दारातून मोटारसायकल काढताना कंबर धरावी लागते. पण त्या ठेवींमध्ये खड्ड्यांसाठी वापरता येईल असा पैसा किती, हे आधी बघायला हवं. ठेकेदारांची अनामत त्यात असते. ती महापालिकेची नव्हे, दोषदायित्वाचा काळ, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपली की परत द्यायची असते. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी असतो. शासनाची अनुदानं असतात आणि प्रत्येकाचा हेतू बांधलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा घ्या. आपल्यासारख्या दहा लाखांखालच्या शहरांना 2021 पासून मिळालेल्या त्या अनुदानातला 60 टक्के भाग फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी होता. तो डांबरावर खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघणार आणि ती रक्कम शेवटी आपल्याच घरफाळ्यातून भरून काढावी लागणार.

जास्त व्याजाबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. 5 मार्च 2020 ला येस बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध आले, तेव्हा पिंपरी-चिंचवड महापालिकेचे नऊशे कोटींहून अधिक रुपये त्या बँकेत होते. निर्बंध 18 मार्चला उठले, पैसा वाचला. पण ते तेरा दिवस आठवा. बँक बुडाली तर मिळणाऱ्या ठेव विम्याची मर्यादा 5 लाख रुपये आहे. कोटींच्या ठेवीला ती कुठे पुरणार? त्याच महिन्यात राज्य शासनाने सरकारी कार्यालयांना आणि महामंडळांना खाती राष्ट्रीयीकृत बँकांत न्यायला सांगितलं, ते उगीच नव्हे. माझ्या वडिलांनी निवृत्तीचे पैसे दीड टक्का जास्त मिळतो म्हणून एका पतसंस्थेत ठेवले होते. पावतीची घडी उलगडून ते दर सोमवारी त्या बंद शटरसमोर जाऊन उभे राहायचे. मुद्दलातले निम्मेसुद्धा हातात आले नाहीत. घरचा पैसा गेला तर एक घर रडतं. इथे साडेपाच लाख लोकांच्या पाण्याचा आणि कचऱ्याचा पैसा आहे.

शिवाय तो लागेल तेव्हा हाताशी हवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोका पातळी 43 फूट. शहराला पाणी पुरवणारे शिंगणापूरचे पंप पाण्याखाली गेले आणि सगळीकडे पाणी असताना शहर टँकरच्या रांगेत उभं राहिलं. अशा आठवड्यात मोटारी दुरुस्त करायला, टँकर लावायला पैसा त्याच दिवशी लागतो. सगळ्याच ठेवी पाच वर्षांसाठी अडकवल्या असतील तर त्या मोडताना दंड बसतो. म्हणून थोडा पैसा तीन महिन्यांचा, थोडा वर्षाचा असा टप्प्याटप्प्याने ठेवावा लागतो.

आता तुमचं जे बरोबर आहे त्याकडे येतो, आणि ते मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं. मी ज्या कार्यालयात होतो तिथे एका मार्चमध्ये बँक ताळमेळ लावत बसलो होतो. रोखवही एकीकडे, बँकेचं पासबुक दुसरीकडे. एका अनुदानाचे दोन कोटी डिसेंबरपासून चालू खात्यात तसेच पडलेले दिसले. चालू खात्याला व्याज नसतं. साडेसहा टक्क्यांनी धरलं तरी तीन महिन्यांचे सव्वातीन लाख रुपये गेले. चोरी कुणीच केली नव्हती. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली नव्हती, एवढंच. कुणाला विचारणा झाली नाही, कारण बाहेर कुणाला ते दिसतच नव्हतं.

माझं खरं दुखणं इथे आहे. आपल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. स्थायी समितीत उभं राहून ‘ही ठेव का मोडली, ही का नाही’ असं विचारणारा नगरसेवकच त्या काळात नव्हता. लेखा विभागात ठेवींची नोंदवही असते. बँक, रक्कम, व्याजदर, मुदतपूर्तीची तारीख आणि कुठल्या निधीची ठेव, हे सगळं तिच्यात असतं. ते पान दर तीन महिन्यांनी संकेतस्थळावर टाकायला कितीसा वेळ लागतो? माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 कुणी न मागता माहिती जाहीर करायलाच सांगतं. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी याच शहराने रस्त्यांच्या कामाचं मूल्यांकन करायला लावलं होतं आणि 2015 च्या अखेरीस टोल रद्द करून घेतला होता. ठेवींचं एक पान वाचणं त्या मानाने सोपं आहे.

ते पान समोर आलं तर तुमच्या खड्ड्यांचाही निकाल लागेल. कुठल्याही हेतूला न बांधलेली, महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातली ठेव त्यात निघाली आणि रस्ते तसेच असले, तर ती मोडा म्हणणारा पहिला माणूस मी असेन.

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून ते पान मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी कालच लिहिला आहे. सोमवारी अकराला महापालिकेच्या मुख्य इमारतीत तो देणार आहे. तुमची गल्ली आणि रस्ता कळवा, दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकातल्या कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या सदरात, आहे हेही त्यात विचारतो. आलात तर दोघांच्या सहीने देऊ.