कूर्चेचं ठिगळ आणि तबल्याची पुडी

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कानाच्या पडद्याचं भोक बुजवायला मी कूर्चा (लवचिक, मऊ हाड) का वापरतो, या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "हे म्हणजे तबल्याला पुडीऐवजी पत्रा ठोकणं. भोक बुजेल, पण ऐकू काय येणार?" शिवाय तुमच्या वहिनींचा फेशियाचा (स्नायूवरच्या पापुद्र्याचा) पडदा सहा महिन्यांत फाटला, त्याचाही राग त्यात आहेच.

आधी पत्र्याचं बघू. पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड. आणि कानाच्या भोकापुढचा तो छोटा उंचवटा, ज्याच्या आधाराने इअरफोन टिकतो, त्यातली कूर्चा मिलिमीटरच्या आसपास. तशीच बसवली तर तुमचं म्हणणं बरंचसं खरं होईल. म्हणूनच ती तासतात. ड्रेस्डेनच्या त्सानर्ट आणि सहकाऱ्यांनी कूर्चेच्या कंपनांची मोजमापं २००० साली छापली, तेव्हापासून अर्ध्या मिलिमीटरचा आकडा आमच्या लोकांच्या तोंडी आहे: आवाजही जातो, ताकदही राहते. सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडने तो तुकडा सोलताना खोबऱ्याचा काप काढल्यासारखं वाटतं, फक्त खोबरं इतकं निसटत नाही. एका बाजूचं आवरण ठेवायचं, हातोडी नावाच्या हाडासाठी मधे खाच पाडायची. आणि तबल्याचा दाखला दिलातच, तर पुडीवर शाई चढवतातच की! अर्थात कानाला सूर लावायचा नसतो, म्हणून ही तुलना मीही फार ताणत नाही.

आता वहिनींचं. कान न बघता मी कुणाला दोष देणार नाही. फेशिया म्हणजे कानशिलाच्या स्नायूवरचा पापुद्रा. काचेवर पसरून वाळवला की पापडासारखा होतो, हाताळायला सोपा. साध्या, कोरड्या कानातल्या लहान भोकाला मीही तोच लावतो. पण नाकामागून कानाकडे जाणारी नळी नीट उघडत नसेल, तर आत हवा कमी पडते आणि पापुद्रा आत ओढला जातो. भोक मोठं असेल तर मधल्या भागाला रक्तपुरवठा लवकर पोचत नाही. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतातच, आसपासच्या द्रवातून झिरपेल तेवढ्यावर तिचं भागतं. शिवाय ती सहजी ओढली जात नाही. दुसऱ्यांदा करायच्या कानात मी तिच्याकडे वळतो ते एवढ्यासाठी.

एक चूक मात्र माझी. "कूर्चा लावली की काळजी मिटली" असं मी लिहून बसलो होतो. ते वाक्य आज काढलं. कूर्चा अपारदर्शक असते. मागे पाणी साठलं किंवा कातडी वाढून हाड पोखरणारा कोलेस्टिॲटोमा पुन्हा झाला, तर बाहेरून चटकन दिसत नाही. त्या कानाला तपासणीसाठी येत राहावं लागतं, आणि हे ऑपरेशनआधीच सांगायला हवं.

वहिनींचे आधीचे आणि नंतरचे दोन्ही ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचे आलेख) जपून ठेवा. दुसरं ऑपरेशन सुचवणाऱ्याला विचारा, कान किती महिने कोरडा आहे आणि नळीचं काय.