‘लोकांना बॉक्सिंग नकोच होतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अमेरिकेत व्यावसायिक बॉक्सिंग एनबीसी, सीबीएस, एबीसी या अँटेना लावला की फुकट दिसणाऱ्या नेटवर्कवरून हटलं आणि तिथेच त्याचा सामान्य प्रेक्षक तुटला. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. १९८२ मध्ये दक् कू किम हा कोरियन बॉक्सर रिंगमध्ये कोसळला, पुढे वारला आणि नेटवर्कनी हा खेळ सोडला. २०१५ मध्ये एनबीसीने पुन्हा दार उघडलं तेव्हा लोकांनी पाठ फिरवली. आणि बॉक्सरना खरा पैसा पे-पर-व्ह्यूनेच, म्हणजे एकेका लढतीसाठी प्रेक्षकाने वेगळे पैसे मोजायच्या पद्धतीनेच दिला, तेव्हा फुकट टीव्हीसाठी हळहळणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणं. हा शेवटचा आक्षेप मला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी किम. १३ नोव्हेंबर १९८२, शनिवार दुपार, लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमधली उघड्यावरची रिंग आणि सीबीएसवर थेट प्रक्षेपण. रे मॅन्सिनीने चौदाव्या फेरीत त्याला पाडलं आणि काही दिवसांत तो गेला. पुढे डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेने विजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ वर आणल्या. त्याच महिन्याच्या २६ तारखेला ह्यूस्टनमध्ये लॅरी होम्स टेक्स कॉबला पंधरा फेऱ्या झोडपत होता. ते पाहून एबीसीचा समालोचक हॉवर्ड कोसेलने व्यावसायिक बॉक्सिंगचं समालोचन कायमचं सोडलं. पण कोसेल गेला तरी एबीसीने बॉक्सिंग दाखवणं थांबवलं नाही. १९८६ मध्ये कोवळ्या माइक टायसनला अमेरिकेच्या दिवाणखान्यात आणलं ते याच एबीसीने. होम्सची कार्ल विल्यम्सशी लढत १९८५ मध्ये एनबीसीने दाखवली होती. त्याही आधी, मार्च १९६२ मध्ये, एमिल ग्रिफिथच्या ठोशांनी बेनी पॅरेट एबीसीच्या कॅमेऱ्यासमोर बेशुद्ध पडला आणि दहा दिवसांनी वारला. एबीसीचा तो साप्ताहिक बॉक्सिंगचा कार्यक्रम त्यानंतरही १९६४ पर्यंत चालला. या मृत्यूंनी प्रेक्षक हादरले, जाहिरातदार बिचकले, हे खरं आहे. पण नेटवर्कनी त्याच कारणाने पाठ फिरवली असं तारखा सांगत नाहीत.

कारण हिशेबात होतं. फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. जाहिरातीसाठी याहून सोयीचा खेळ नाही, म्हणून तर जिलेटने दाढीची पाती विकायला शुक्रवारच्या लढती वर्षानुवर्षं प्रायोजित केल्या. पण हाच खेळ पहिल्या फेरीत नॉकआउटने संपला तर उरलेला तास भरायचा कशाने? आणि नेटवर्कने करार करायचा कोणाशी? फुटबॉलच्या लीगशी पुढच्या हंगामाचा करार करता येतो, कोणता संघ कोणाशी खेळणार तेही आधी ठरलेलं असतं. बॉक्सिंगमध्ये लीग नाही. एकाच वजनगटात तीन-चार संघटनांचे विजेतेपदाचे पट्टे, प्रत्येक बॉक्सरचा प्रमोटर (लढती ठरवणारा आयोजक) वेगळा, आणि पुढच्या वर्षी कोण कोणाशी लढेल हे कोणीच लिहून देत नाही.

ही अनिश्चितता मोडून काढायचे प्रयत्न झाले, तेव्हा काय झालं तेही पाहा. पन्नाशीच्या दशकात जेम्स नॉरिसच्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबने विजेतेपदाच्या लढती मुठीत ठेवल्या. पडद्यामागे फ्रँकी कार्बोसारखा गुंड होता. शेवटी १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडण्याचा आदेश कायम ठेवला. १९७७ मध्ये एबीसीने प्रमोटर डॉन किंगबरोबर स्वतःची स्पर्धाच उभी केली, पहिल्या लढती तर विमानवाहू युद्धनौकेवर लावल्या. बॉक्सरांच्या कारकिर्दीत न झालेले विजय घुसडलेले निघाले आणि एप्रिलमध्ये एबीसीला स्पर्धा मध्येच थांबवावी लागली. फुकट टीव्हीचा तो काळ सोवळा होता असं मी म्हणत नाही. पण फेब्रुवारी १९७८ मध्ये सीबीएसवर जेमतेम आठवी व्यावसायिक लढत खेळणाऱ्या लिऑन स्पिंक्सने मुहम्मद अलीला हरवलं, आणि ते पाहायला कोणाला एक सेंट मोजावा लागला नाही.

मग केबल आलं. एचबीओला जाहिरातदाराची मनधरणी करायची नव्हती, वर्गणी घरातूनच येत होती. त्यामुळे जिंकू लागलेल्या बॉक्सरला नेटवर्कपेक्षा जास्त रक्कम देणं त्याला परवडत होतं. एबीसीने घडवलेला टायसन १९८६ संपायच्या आत एचबीओवर ट्रेव्हर बर्बिककडून जगज्जेतेपद घेत होता. माझ्या मते नेटवर्कचा धीर सुटला तो इथे. आपण नाव करायचं आणि दुसऱ्याने ते उचलून न्यायचं, असा धंदा कोण किती दिवस करणार?

आता २०१५. एनबीसीने दार उघडलं असं तुम्ही म्हणता, पण दाराचं भाडं बॉक्सरांचा व्यवस्थापक अल हेमनने भरलं होतं. त्याच्या ‘प्रीमियर बॉक्सिंग चॅम्पियन्स’ने वाहिन्यांची वेळ विकत घेतली. त्या वेळच्या बातम्यांनुसार एकट्या एनबीसीला सुमारे २ कोटी डॉलर मिळायचे होते. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सामना दाखवायला दूरदर्शनच क्रिकेट मंडळाकडे पैसे मागत असे, तसाच हा उलटा प्रवाह. नेटवर्कचा एक डॉलर अडकलेला नसताना ते लढतीची हवा का करेल? त्यात हेमनने एकाच वर्षी एनबीसी, सीबीएस, स्पाइक, ईएसपीएन अशा कितीतरी वाहिन्यांवर वेळ घेतली, त्यामुळे पुढची लढत कुठे लागणार हे चाहत्यांनाही शोधावं लागे. तरीही ७ मार्चच्या पहिल्या रात्री कीथ थर्मन आणि रॉबर्ट गरेरोची लढत सरासरी ३४ लाख लोकांनी पाहिली. दोनच महिन्यांनी मेवेदर-पॅकियाओ लढतीसाठी ४६ लाख घरांनी प्रत्येकी सुमारे १०० डॉलर मोजले, हा आकडा तुम्ही माझ्यापुढे ठेवला आहे. पण ती दोन नावं घडायला पंधरा-वीस वर्षं गेली होती. थर्मनला त्या रात्री लाखो लोक पहिल्यांदा पाहत होते. मार्च २०१७ मध्ये त्याच थर्मनची डॅनी गार्सियाशी पट्टे एकत्र करणारी लढत सीबीएसवर लागली तेव्हा सरासरी ३७ लाखांच्या पुढे गेली, आणि एका क्षणी ५० लाखांच्या वर लोक पाहत होते. दोघांच्याही अंगावर अपराजित असल्याचा दावा होता आणि दोघंही खरोखर जिंकायला उतरले होते. अशी जोडी लावली की प्रेक्षक येतो. ती क्वचित लावली गेली.

पैशाबद्दल. पे-पर-व्ह्यूने काहींना गडगंज केलं, यात वाद नाही. पण तो पैसा पोस्टरवरच्या दोन नावांचा असतो. त्याच रात्री आधी लढून गेलेल्या मुलांचे चेहरेही लोकांना आठवत नाहीत, कारण ते कोणाच्या घरात कधी पोचलेलेच नसतात. शुगर रे लेनर्ड मॉन्ट्रियलचं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आला, फेब्रुवारी १९७७ मध्ये सीबीएसवर पहिली व्यावसायिक लढत खेळला आणि त्या एका लढतीचे त्याला सुमारे ४० हजार डॉलर मिळाले. पुढे क्लोज्ड-सर्किटवर, म्हणजे तिकीट काढून थिएटरच्या पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या लढतींतून, त्याने कोट्यवधी कमावले, ते लोक त्याला आधीच घरचा मानत होते म्हणून. माझी तळमळ फुकट टीव्हीवरच्या त्या पहिल्या लढतीसाठी आहे. आजच्या बॉक्सरला ती मिळत नाही.

काय करायला हवं होतं, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. नेटवर्कने स्वतःचे पैसे घालून वर्षाला मोजक्या, तोडीस तोड लढती घ्यायच्या, आणि त्यातल्या बॉक्सरशी पुढच्या दोन-तीन लढतींचाही करार करायचा, म्हणजे नाव झाल्यावर लगेच दुसऱ्याने उचलायला नको. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने पैसे खर्च केले, पण ५८ वर्षांच्या टायसनला यूट्यूबवरून नाव झालेल्या जेक पॉलसमोर उभं करून. ती लढत व्हायलाच नको होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र त्यांनीच कॅनेलो आल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्डची लढत जादा एक डॉलरही न घेता सभासदांना दाखवली, आणि जगभर कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. अँटेनावरचा टीव्ही तो नव्हे, वर्गणी तर आहेच. पण त्याआधी अशा लढतीसाठी अमेरिकेतल्या घराला ८०-९० डॉलर वेगळे मोजावे लागले असते. तुमच्या प्रतिक्रियेत या लढतीचा उल्लेख नाही. तिच्याबद्दल तुमचं काय मत आहे, ते जरूर लिहा.