‘एक वारकरी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

तुकाराम बीजेच्या लेखाखाली ‘एक वारकरी’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचलेली दिसते, कारण तिला माझ्या लेखापेक्षा जास्त अंगठे मिळालेत. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की, पैशाचा आकडा ठरल्याशिवाय कीर्तनाची तारीख न देणारे महाराज तुकोबांचं नाव घेतात, पण तुकोबांचं ऐकत नाहीत. त्यावर हे गृहस्थ म्हणतात, “तुम्हाला गलेलठ्ठ पेन्शन आहे, म्हणून दुसऱ्याच्या पोटावर बोलायला सुचतं. महाराजांनी बायकापोरांना काय टाळ खायला घालायचे?” शिवाय कर्जखतांची माहिती चुकली, शिवरायांचा नजराणा तुकोबांनी परत पाठवल्याची गोष्ट ही दंतकथा, देवस्थानांच्या सोन्यावर मी गप्प, आणि तुकोबांच्या पत्नी जिजाईची चूल कशी पेटत होती ते मी सोयीने विसरलो. शेवटी निमंत्रण: “आमच्या सप्त्याला या, फुकटची पंगत जेवा, म्हणजे तोंड बंद होईल.”

चूक झाली ती आधी कबूल करतो. तुकोबांनी सगळी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं मी लिहिलं होतं. संतचरित्रकार महिपतीबुवांनी सांगितलेल्या चरित्रात धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाटणीची निम्मी खतं त्यांना दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली, असं आहे. आपण लक्षात आणून दिलंत, आभारी आहे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते ‘गलेलठ्ठ’.

आपण मला कुठे पाहिलंत, माझं पासबुक कुठे पाहिलंत, मला माहीत नाही. मी सरकारी नोकर नव्हतो. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आणि नंतर गोदामात पस्तीस वर्षं काढली. मला ईपीएस ९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्या कामगारांच्या योजनेची, पेन्शन मिळते. महिना दोन हजार तीनशे चाळीस रुपये. या योजनेत किमान पेन्शन हजार रुपये आहे, ती २०१४ पासून तेवढीच आहे, आणि तीवर जगणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. तेव्हा मी त्यातल्या त्यात श्रीमंत. गलेलठ्ठ हा शब्द लिहिण्याआधी एखाद्या कारखान्याच्या निवृत्त कामगाराला चहाला बोलवा. पैसे तुम्हीच द्या.

काट्यावर बसलेल्या माणसाला मोह म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. १९९३ च्या हंगामात एका वाहतूकदाराने माझ्या जेवणाच्या डब्यात नोटांची गड्डी ठेवली होती. त्याच्या गाड्यांचं वजन थोडं वर दाखवायचं, एवढंच. थोरली मुलगी तेव्हा आजारी होती, दवाखान्याची उधारी होती, आणि रात्रपाळीला काट्यावर दुसरं कोणी नव्हतं. मी डबा उघडला, झाकला आणि त्याच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला. भाकरीसकट. पुढच्या महिन्यात माझी गोदामात बदली झाली. कोणी केली ते इथे लिहीत नाही. हे फुशारकी म्हणून सांगत नाही (थोडी असेलही, माणूस आहे), पण ‘तुम्हाला बोलायला काय जातं’ या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असं आहे. माझं गेलं आहे.

आणि वडील. आपण ‘महाराजांचं पोट’ म्हणालात म्हणून सांगतो, मी कीर्तनकाराच्याच पोटी जन्मलो. वडील शिवणकाम करायचे. दिवसा मशीन, संध्याकाळी सायकल, आणि आसपासच्या आठदहा गावांत कीर्तन. सोबत फडक्यात बांधलेली भाकरी. ज्या गावात कीर्तन, तिथलं पाणीसुद्धा ते कीर्तन संपल्यावर वेशीबाहेर येऊन प्यायचे. लहानपणी मला तो हट्ट वाटायचा. पुढे गाथा वाचताना अभंग सापडला: “जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें”. बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलाला दाणावैरणही मागू नये. आणि शेवटी: “तुका म्हणे द्रव्य घेती । देती तेही नरका जाती”.

‘देती तेही’. सगळे या दोन शब्दांवरून घाईने पुढे जातात. माझ्या लेखाचा रोख महाराजांपेक्षा देणाऱ्यांवर जास्त होता, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. शेजारच्या गावाने सप्त्याच्या शेवटी काल्याच्या कीर्तनाला मोठं नाव आणलं, म्हणून आपल्या कमिटीने त्याहून मोठं आणायचं. मग पावतीपुस्तकं, मग फ्लेक्सवर देणगीदारांचे फोटो विठ्ठलापेक्षा मोठे, मग गाडीभाडं वेगळं, आगाऊ रक्कम वेगळी. पूर्वी बिदागी म्हणायचे, मग मानधन झालं, हल्ली ‘सेवा’ म्हणतात. शब्द जसजसा सोवळा होत गेला तसतसा आकडा वाढला. आणि सात दिवस उभा असलेला विणेकरी? त्याला शेवटच्या दिवशी टॉवेल-टोपी. त्याच्या पोटाबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

म्हणे टाळ खायला घालायचे का! अहो, तुकोबांना पैसा कळत नव्हता का? देहूच्या पेठेची महाजनकी, दुकान, सावकारी असलेल्या घरातला माणूस. १६३० च्या आगेमागे जो दुष्काळ पडला त्यात दिवाळं निघालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि तरी हाच माणूस सांगतो, “जोडोनियां धन उत्तम वेव्हारें”. धन जोडा म्हणतात ते! दुकान घाला, शेती करा, शिलाई मारा. सोनोपंत दांडेकर पुण्याच्या कॉलेजात शिकवत होते आणि कीर्तनही करत होते. देवाच्या नावाला तेवढा दर लावू नका, एवढंच मागणं आहे. एवढंही जड जात असेल तर, नाठाळाच्या माथी काठी हाणण्याची भाषाही तुकोबांचीच आहे.

यावर तुम्ही म्हणाल की, आजचा महाराज आळंदीला चार-पाच वर्षं शिकतो, माधुकरी मागून राहतो, त्याला दुसरा धंदा करायला वेळ कुठे? बरोबर. जोग महाराजांनी १९१७ मध्ये तिथे शिक्षण संस्था काढली ती वारकऱ्याला शिकता यावं म्हणून; मुलं शिकतात, कष्ट करतात, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. गावाने अशा मुलाला धान्य द्यावं, धोतरजोडी द्यावी, प्रवासखर्च द्यावा, याला कोण नाही म्हणतं? माझे वडील तेही घेत नव्हते, ती गोष्ट वेगळी.

१९७८ साली मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. एका गावच्या पाटलांनी वडिलांच्या उपरण्यात पाकीट बांधलं, पाचशे एक रुपये. घरी आल्यावर सापडलं. वडील त्याच रात्री उलट्या पावली सायकल मारत गेले आणि देऊन आले. आई दोन दिवस बोलली नाही. मग तिने पाटल्या मोडल्या आणि लग्न झालं. आई काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलंच होतं, असं मी धरून चालतो.

राहिले बाकीचे मुद्दे. नजराण्याची गोष्ट ऐतिहासिक की दंतकथा, यावर विद्वान भांडोत, माझा लेख तिच्यावर उभा नाही. देवस्थानांचं सोनं हा वेगळा विषय आहे आणि प्रत्येक लेखात प्रत्येक विषय येत नसतो. जिजाईंवर स्वतंत्रपणे लिहीन, सवडीने. कर्ज काढून नवऱ्याला दोनशे रुपये आणून देणारी आणि तेही वाटून आलेला नवरा पाहणारी बाई एका ओळीत उरकायची नसते, एवढं मला कळतं. तुम्ही एका ओळीत उरकलीत.

आणि एक विनंती. माझं नाव, माझं गाव या ब्लॉगवर वर लिहिलेलं आहे. तुम्ही ‘एक वारकरी’ म्हणून लिहिता. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यासाठी समोर यावं लागतं.

सप्त्याचं निमंत्रण मात्र स्वीकारलं. गावाचं नाव आणि तारीख कळवा. पंगतीलाही बसेन, कारण तुकोबांचा नियम कीर्तन करणाऱ्याला आहे, ऐकणाऱ्याला नाही. गव्हाची खीर असेल तर दोनदा घेईन.