लिअरजेट 35 वर बंदी नाही

लिअरजेट या छोट्या जेट विमानांबद्दल ‘अमेरिकेत 2016 पासून जुन्या लिअरजेटवर बंदी आहे, तरी चार्टर आणि मालवाहतुकीसाठी लिअरजेट 35 सर्रास बेकायदा उडवतात’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. 2012 च्या कायद्यावरून आलेला एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) नियमच वाचा: अट वयाची नाही, आवाजाची आहे. सुमारे 34 टनांपर्यंतची जी जेट ‘स्टेज 3’ या आवाजाच्या मर्यादेत बसत नाहीत, त्यांना 31 डिसेंबर 2015 नंतर तिथल्या मुख्य भूभागावर मनाई. त्यात सापडली ती लिअरजेट 24, 25. त्यांची सडपातळ टर्बोजेट इंजिनं अक्षरशः कानठळ्या बसवायची. (तीही आवाज कमी करणारं किट बसवलं तर चालतात.) 35 ला गॅरेट कंपनीची टर्बोफॅन (पुढे मोठा पंखा असलेली, कमी आवाजाची) इंजिनं आहेत, फोटोत शेपटीजवळ ती जाडजूड दिसतात, आणि मर्यादेत बसतात. मेसेज पुढे ढकलू नका. ढकलला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.