नववी ‘ब’ आणि मंडळी, चिक्कीवाले

शाळेत मुलांनी धंदा शिकावा या मताचा मी पक्का आहे. फक्त तो चिक्कीचा नसावा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात त्याचे संस्थापक डॉ. कलबागांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकायची वाट घालून दिली. तिथून शाळांत आलेल्या अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग करतात, रोपं लावतात आणि गृह-आरोग्याच्या तासाला खाण्याचे जिन्नस करतात. वेल्डिंग बरं. लोखंड कोणी चाखून बघत नाही.

कागदावर हिशेब देखणा असतो. १ किलो शेंगदाणे भाजून, सालं पाखडून साधारण ९०० ग्रॅम उरतात. त्यात किलोभर गूळ. कढईला चिकटलेलं सोडलं तर पावणेदोन किलो माल, २५ ग्रॅमची एक, अशा ७० वड्या.

गूळ चिक्कीचाच हवा. ‘घरचा चालेल की, सर!’ म्हणणारा एक जण दरवर्षी निघतो. त्या गुळाची चिक्की दाताला अशी चिकटते, की गिऱ्हाइकाला तक्रार करायलाही तोंड उघडत नाही.

पाक मंद आचेवर करायचा आणि थेंब गार पाण्यात टाकून बघायचा. वाकला तर कच्चा, कटकन मोडला तर झाला. ‘मोडला का रे?’ यावर दोन मतं पडली, की मतदान होईस्तोवर पाक करपून कडू. दाणे घालून मिश्रण तूप लावलेल्या पोळपाटावर ओतायचं, लाटायचं आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या. उशीर झाला तर वड्या पडत नाहीत, महाराष्ट्राचे जिल्हे पडतात. गडचिरोलीएवढा तुकडाही ५ रुपयांना आणि मुंबई शहराएवढाही ५ लाच. गिऱ्हाईक आधी गडचिरोली उचलतं.

आता वही. समजा दाणे १५० रुपये, गूळ ७०, तूप, गॅस आणि कागद मिळून ५०. खर्च २७०, विक्री ३५०, नफा ८०. मजुरी कोणी धरतच नाही. धरली तर धंदा पहिल्याच दिवशी बसेल. पण ९ वड्या ‘चव तपासणी’त जातात आणि १२ उधारीवर. हातात २४५ रुपये, म्हणजे २५ चा खड्डा. उधारीच्या पानावर फक्त ‘शिक्षक खोली’ एवढंच लिहिलेलं असतं आणि वसुलीला जायला नववीतलं कोणी धजत नाही. मग खजिनदार वही माझ्यापुढे धरतो. त्या १२ पैकी ४ माझ्या असतात.