भांडी नसतील तर किचन छान बसतं

आमच्या घरात माणसं चार आणि ताटं बावीस. यात विशेष काही नाही. ठाण्यातल्या कुठल्याही मराठी घरात शिरगणती केली, तर भांडी माणसांवर भारी पडतील. लग्नातली, बारशातली, वास्तुशांतीतली. आणि बहुतेकांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं, त्यामुळे पुढे कुणाला खपवायचीही सोय नाही.

ही सगळी प्रजा घोडबंदर रोडवरच्या वन बीएचकेच्या किचनमध्ये बसवायची होती. तिथे एकीने पोळ्या लाटायला घेतल्या की दुसऱ्याने पाणी प्यायलासुद्धा परवानगी काढून यायचं. नवऱ्याने मॉड्युलर किचनवाल्यांकडची एक डिझायनर बोलावली. तिच्या टॅबमधलं किचन बघून मी हरखलेच. ओट्यावर एक लिंबू, एक काचेची बरणी आणि बाकी नुसता उजेड.

“मॅम, रोज किती प्लेट्स लागतात?”

“चार.”

“मग बाकीच्या?”

“गौरीला लागतात ना.”

“गौरी म्हणजे मेड का?”

सासूबाई काही न बोलता आत निघून गेल्या.

खरी गंमत ट्रॉल्या बसल्यावर सुरू झाली. थाळी ट्रॉली म्हणजे तारांचा पिंजरा, त्यातल्या फटींत ताटं उभी लावायची. या फटी बेतलेल्या असतात सपाट, पातळ डिनर प्लेटसाठी. आपल्या ताटाला बोटभर उभा काठ. त्यामुळे प्रत्येक ताट लोकलमध्ये पाय फाकवून बसणाऱ्या इसमासारखं शेजारची जागा अडवतं. बारा ताटांच्या ट्रॉलीत सहा मावली. वाट्यांचं दुखणं वेगळं. ओल्या वाट्या एकात एक घातल्या की सकाळपर्यंत अशा घट्ट बसतात, की वरची ओढली तर अख्खी चळत हातात येते. फुलपात्रं एकमेकांत अर्धी शिरून अडतात. तांब्याला तर कुठे जागाच नाही. कॅटलॉगवाल्यांच्या मते तहान फक्त बाटलीने भागते, म्हणून बाटल्यांसाठी खास उभी, अरुंद पुलआउट आहे. आम्ही त्यात लाटणं आणि झारे ठेवतो.

ओटा एल आकाराचा. कोपऱ्यात दोन ट्रॉल्या काटकोनात, आणि दोघींची हँडलं बाहेर आलेली. ताटांची ट्रॉली पूर्ण आत गेल्याशिवाय चमच्यांची बाहेर येत नाही. फ्रीज उघडा असेल तर दोन्ही बंद. “कोने में फिलर छोडना पडता है, भाभीजी,” म्हणजे कोपऱ्यात पट्टी लावून थोडी जागा सोडायची असते, हे ज्ञान मिस्त्रीने शेवटचं पेमेंट खिशात घातल्यावर दिलं.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जाळ्यांची परीक्षा चुंबक लावून घेतली. चिकटला नाही. “३०४ आहे!” म्हणजे चांगल्या प्रतीचं, सहसा न गंजणारं स्टील, असा निकाल त्यांनी जाहीर केला. वास्तविक ३०४ काय नि स्वस्तातलं, लवकर गंजणारं २०२ काय, चुंबक सहसा दोन्हींना चिकटत नाही. फरक असतो निकेलचा. ३०४ मध्ये ते आठ टक्क्यांच्या आसपास, २०२ मध्ये पाचेक टक्के. पहिल्याच पावसाळ्यात सिंकजवळच्या जाळीवर तांबडे ठिपके आले. बाबा अजून चुंबकाच्याच बाजूने आहेत.

या आखीव किचनचं मूळ शोधायला गेले, तर फ्रँकफर्ट निघालं. १९२६ साली मार्गारेट श्युट-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी तिथल्या नव्या वसाहतींसाठी साडेसहा चौरस मीटरचं, म्हणजे जेमतेम ७० चौरस फुटांचं किचन बेतलं. डोळ्यांसमोर होतं आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर. बाईंनी हालचालींचे सेकंद मोजले, तांदूळ-साखरेसाठी नावं घातलेले ॲल्युमिनियमचे खण केले, आणि तोवर आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता, हे पुढे स्वतःच सांगून टाकलं. मला बाई आवडल्या. आमच्या डिझायनरनेही केलेला दिसत नाही, पण ती बोलत नाही.

दरम्यान आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जांभळी नाक्यावरून सरळ स्टीलची मांडणी आणली. वर ताटं उभी, मध्ये वाट्या, खाली पेले, कडेला चमच्यांचा डबा. दार नाही, चॅनेल नाही, हँडल नाही. पाणी आपोआप निथळतं, कुठे काय आहे ते दिसतं, आणि भिंतीपासून पुढे येते जेमतेम वीतभर. फिनलंडमध्ये १९४० च्या दशकात माइयू गेबहार्ड यांनी असंच तारांच्या फळ्यांचं, बिनतळाचं कपाट सिंकच्या वर बसवायची कल्पना मांडली. धुतलेली भांडी तिथेच ठेवायची, तिथेच सुकवायची. आज तिकडे ते घरोघर असतं. हे आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “मग त्यांच्याकडेही गौरी बसत असणार.”

मांडणी लागली आणि डिझायनरचा फोन आला. कामाचे फोटो हवे होते. ती आली, मांडणी बघून दोन क्षण गप्प झाली, आणि “फक्त दहा मिनिटं, मॅम,” म्हणत ती उतरवायला लावली. मग तांब्या, मिक्सर, कढीपत्त्याची जुडी, ट्रॉलीत न मावलेली सोळा ताटं, सगळं बेडरूममध्ये गेलं.

फोटो झकास आलेत. तिने ते तिथल्या तिथे टाकले आणि मला टॅगही केलं. खाली कुणीतरी विचारलं, ‘भांडी कुठे ठेवता?’

मी लगेच लिहिलं, ‘सध्या पलंगावर.’