ग्रिलचा रेड ऑक्साइड रणगाड्याला चालतो म्हणे

रणगाड्यांची छोटी प्लॅस्टिक मॉडेलं बनवणाऱ्या नाशिकच्या मंडळींत एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर साधारण असा: 'महागडे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) घेऊ नका. खऱ्या रणगाड्याचा प्रायमर म्हणजे आपल्या ग्रिलचा रेड ऑक्साइडच. हार्डवेअरमधून डबा आणा, मॉडेलला मारा, वर रंग द्या आणि कोपरे खरवडून लाल दाखवा. नाहीतरी दुसऱ्या महायुद्धात शेवटी शेवटी जर्मनांचे सगळे रणगाडे लालच लढले.' मलाही तो तीन वेळा आला.

आधी डबा. रंगद्रव्य तेच, लोखंडाचा ऑक्साइड, हे खरं. पण तो डबा गेटसाठी बनवलाय. ब्रशने मारला की सुकल्यावर ५० मायक्रॉनचा थर सहज बसतो. १:३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाइतक्या मॉडेलवर तो खऱ्या रणगाड्याच्या पावणेदोन मिलिमीटर थराइतका झाला. रिव्हेट, वेल्डच्या रेघा, सगळं त्यात बुडतं. वर माझ्या पुतण्याने डबा पातळ करायला एनसी थिनर ओतला. मॉडेलचं प्लॅस्टिक, म्हणजे पोलिस्टायरीन, त्यात विरघळतं. त्याच्या पँझर फोर या जर्मन रणगाड्याचा डावा फेंडर (पट्ट्यावरचा मडगार्ड) पापडासारखा वाकडा झाला.

आता रंगाचं बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. सातपूरला एका फॅब्रिकेशनच्या शेडबाहेर रेड ऑक्साइड मारलेले लोखंडी अँगल पडलेले असतात. परवा मारलेला विटकरी, किंचित चकाकणारा. मागच्या उन्हाळ्यातला फिका पडलेला, बोट फिरवलं की गुलाबीसर भुकटी लागते. दोन पावसाळे खाल्लेल्याच्या कापलेल्या कडांवर नारिंगी गंज फुटलाय. डबा एक, तीन रंग. आणि तो गंज प्रायमरहून अगदी वेगळा दिसतो: खरखरीत, ठिपक्याठिपक्यांचा. दोन्हींना एकच बाटली वापरणारे लोक आहेत, काय बोलणार!

जर्मन प्रायमरचा रंग, आरएएल या जर्मन रंगयादीतला ८०१२ क्रमांकाचा, तर आपल्या फाटकाच्या लालपेक्षा बराच तपकिरीकडे झुकतो. मी टामिया या मॉडेल-रंगांच्या कंपनीचा एक्सएफ-९ हल रेड चार भाग घेतो, त्यात एक्सएफ-७ फ्लॅट रेड एक भाग. उजळायला अर्धा भाग एक्सएफ-५७ बफ. पांढरा घालू नका, रणगाडा गुलाबी होतो. मिश्रण बाटलीत बघून ठरवायचं नाही. टाकाऊ प्लॅस्टिकवर फवारायचं, सुकू द्यायचं आणि दुपारी गॅलरीत नेऊन बघायचं. ट्यूबलाइटखाली बरोबर वाटलेला लाल उन्हात भडक निघाल्याचं माझं दोनदा झालंय.

'सगळे लालच लढले' हे अर्ध्या माहितीवर उभं आहे. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन वाहनांचा मूळ रंग गडद पिवळा होता, त्याआधी गडद राखाडी. १९४४ च्या शेवटी शेवटी कारखान्यांत प्रायमरवरच थेट पिवळा, हिरवा, तपकिरी असे पट्टे मारायला लागले आणि उरलेल्या जागी लाल तसाच दिसू लागला. म्हणजे लाल हा कॅमोफ्लाजमधला एक रंग झाला. सगळा रणगाडा उघडा लाल, तोही प्रत्येक, असं यातून निघत नाही. कृष्णधवल फोटोत लालसर तपकिरी आणि गडद हिरवा जवळपास एकाच करड्या छटेत येतात, त्यामुळे 'फोटोत दिसतंय की' हा पुरावा मी तरी धरत नाही.

राहिलं खरवडणं. रंग कुठे झिजतो? माणूस चढतो तिथे, झाकणाच्या कडेला, अवजारं घासतात तिथे. पाय कधीच न लागणाऱ्या मागच्या कोपऱ्यात लाल कशाला? शिवाय १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत जर्मनांनी रणगाड्यांवर झिमेरिट थापलं, चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून. बेरियम सल्फेट, लाकडाचा भुसा आणि पिवळट मातीचा रंग असलेला हा लेप प्रायमरवर बसायचा. त्याचा टवका उडाला तर तुटलेली कड आधी पिवळट दिसते, लाल तिच्या तळाशी. पुतण्याने थेट लाल ठिपके दिले होते, तेही झिमेरिट असलेल्या मॉडेलवर.

आणि गाडी एम११३, म्हणजे सैनिक वाहून नेणारी अमेरिकन चिलखती गाडी, असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिचा हल, म्हणजे मुख्य सांगाडा, अॅल्युमिनियमचा आहे. खोल ओरखड्यात तिथे चंदेरी राखाडी धातू दिसेल. हलवरून गंजाचे ओघळ काढायचे नाहीत. गंज दाखवायचाच असेल तर पोलादी ट्रॅकवर दाखवा.